दीड हजार डॉलर्सची खुर्ची

इंदूरहून एका मुलीचं पत्र आलं आहे. नाव-पत्ता गाळून त्यातलं सार असं. वय २७. आधी इथल्याच एका जाहिरात एजन्सीत होती, आता घरी बसून दुबईच्या एका पीआर एजन्सीचं काम कंत्राटावर करते. क्रिप्टो कंपन्यांच्या फाउंडर्सना त्यांच्या क्षेत्रातल्या पॉडकास्टवर पाहुणे म्हणून बोलावणं मिळवून द्यायचं, हे तिचं काम. सध्या तीन फाउंडर तिच्याकडे आहेत आणि प्रत्येकाचे महिन्याला चार एपिसोड झालेच पाहिजेत असं टार्गेट आहे. मेल ढिगाने जातात, उत्तरं जवळपास येतच नाहीत. आपण इंदुरात बसलोय, नाव मराठी, इंग्रजी बोलण्याची ढब इथली, म्हणून कुणी दाद देत नाही असं तिला वाटतं. अशात एका बऱ्यापैकी चालणाऱ्या शोच्या होस्टने कळवलं: दीड हजार डॉलर्स द्या, पुढच्याच आठवड्यात रेकॉर्ड करू, पैशांचा उल्लेख कुठे होणार नाही. बॉस म्हणतो, देऊन टाक. ज्याच्यासाठी हे चाललंय त्या फाउंडरचं टोकन, म्हणजे कंपनीचं स्वतःचं क्रिप्टो नाणं, महिन्याभरात बाजारात येणार आहे आणि एपिसोड त्याआधी लागला तर तिला त्याच टोकनमध्ये बोनस मिळणार आहे. वडील बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणतात, सरकारने बंदी घातलेल्या धंद्यात तू लोकांना ओढतेस. तिचा प्रश्न: पैसे देऊन मोकळं व्हावं, की कामच सोडावं?

प्रिय मैत्रिणी,

पैसे दे नाहीतर काम सोड, असे दोनच पर्याय तू माझ्यापुढे ठेवलेस. मला दोन्ही घाईचे वाटतात. त्याआधी तू काही गोष्टी न तपासता खऱ्या मानल्या आहेस, त्या जरा उलगडून बघू.

इंदूरचं पहिलं. नावावरून आणि उच्चारावरून माणसं जोखणारे लोक असतात, हे मी नाकारत नाही. पण तुझ्या मेलला उत्तर न देणाऱ्यांनी तुझा उच्चार अजून ऐकलेलाच नाही. त्यांनी फक्त मेल पाहिला आहे. तू पत्रासोबत त्याचा नमुना जोडलास ते बरं केलंस. त्याचा मराठीत गोषवारा असा: आमचे क्लायंट हे वेब३ क्षेत्रातील दूरदर्शी उद्योजक असून विकेंद्रित भविष्य घडवत आहेत, आपल्या लोकप्रिय शोवर येण्यास ते उत्सुक आहेत. यात शोचं नाव नाही, माणसाने नेमकं काय बनवलंय ते नाही आणि ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडणार तेही नाही. हाच मजकूर न्यूयॉर्कच्या मुलीने पाठवला असता तरी न वाचताच उडवला गेला असता. एकच बायोडेटा गावभर फिरवणाऱ्या मध्यस्थाला कुणी चहाही विचारत नाही, तशातली गत.

तुझं काम ओळखीपाळखीचं आहे असं तू धरून चाललीस. ओळखीने पहिला मेल उघडला जातो, एवढंच. होस्टकडे खरी मिळकत एकच असते, आपल्या श्रोत्यांचा विश्वास. समोरच्या खुर्चीत तो कुणाला बसवतो यावर तो विश्वास वाढतो किंवा कमी होतो. म्हणून तो प्रत्येक मेल वाचताना स्वतःशी एकच विचारतो, हा माणूस माझ्या ऐकणाऱ्यांना काय देणार? आणि ऐकणारे सगळीकडे सारखे नसतात. एपिसेंटर नावाच्या शोवर लांबलचक तांत्रिक चर्चा चालते. लॉरा शिन यांनी सुरू केलेल्या अनचेन्डवर पत्रकाराच्या पद्धतीने प्रश्न येतात. बँकलेसचा श्रोता इथेरियम हे ब्लॉकचेन आणि डीफाय, म्हणजे बँकेविना चालणारे क्रिप्टो व्यवहार, यांत मुरलेला असतो, तर ब्लूमबर्गच्या ऑड लॉट्सचा श्रोता अर्थकारणातला, त्याला क्रिप्टोचं कौतुक असेलच असं नाही. या चौघांना एकच मेल कसा चालेल?

आता तुझ्याकडे काय आहे ते बघ. टोकनवाला सोडून उरलेल्या दोघांपैकी एकाबद्दल तू अर्ध्या ओळीत उरकलंस, 'वॉलेट रिकव्हरीचं काहीतरी करतो'. अगं, त्या 'काहीतरी'तच सगळा मसाला आहे! स्वतःच्या ताब्यातलं वॉलेट, म्हणजे क्रिप्टोचं डिजिटल पाकीट, उघडताना बहुधा १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांची एक रांग मिळते. ती सीड फ्रेज. ती लिहिलेला कागद हरवला की संपलं. शाखेत जाऊन अर्ज करायची सोय नाही, ओटीपी नाही, केवायसी पुन्हा करून देणारा साहेब नाही. आणि वॉलेटचा मालक अचानक गेला तर? घरच्यांना वॉलेट होतं हेच माहीत नसतं, किंवा कपाटात कागद सापडतो आणि त्यावरचे शब्द कसले हे कुणाला उमगत नाही. विश्वासातल्या चार-पाच माणसांनी मिळून वॉलेट परत मिळवून द्यायचं, अशा पद्धतीचा इथेरियमचा सहसंस्थापक विटालिक बुटेरिनने २०२१ मध्ये लेख लिहून आग्रह धरला होता. पण त्यातही प्रश्न आहेत. ती माणसं आपसात संगनमत करतील का? त्यांच्यातलंच कुणी आधी गेलं तर? तासभर बोलायला हा विषय कमी नाही.

मग मेल कसा जाईल? इंग्रजीतच लिही, पण आशय असा ठेव: 'तुमच्या अमुक भागात पाहुणा म्हणाला की सीड फ्रेज कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. तुम्ही विचारलंत, पण तिजोरी उघडणाऱ्याला तो कागद कळणार का? उत्तर अर्धवट राहिलं. मी ज्यांच्यासाठी काम करते ते याच प्रश्नावर उत्पादन बनवतात. ते तीन गोष्टी उदाहरणांसह सांगू शकतील: वारस वॉलेटपर्यंत पोहोचताना नेमके कुठे अडतात, माणसांच्या मदतीने रिकव्हरी करताना फसवणुकीला कुठे वाव राहतो, आणि त्यांच्या स्वतःच्या पद्धतीत आजही काय सुटलेलं नाही. बोलतात कसे ते कळावं म्हणून दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग जोडलं आहे. त्यांच्या एजन्सीकडून मला मोबदला मिळतो.' बस. यातलं तिसरं सगळ्यात मोलाचं. आपल्या वस्तूत काय कमी आहे हे माइकसमोर सांगायला तयार असलेला फाउंडर दुर्मीळ असतो आणि होस्टना तोच हवा असतो. तुझ्या फाउंडरला हे कबूल नसेल तर मेल पाठवूच नकोस, आधी त्याच्याशी बोल.

यासाठी अर्थातच त्या शोचे दोन तरी भाग पूर्ण ऐकावे लागतील. हो, पूर्ण. लिस्टन नोट्ससारख्या पॉडकास्टच्या सर्च इंजिनवर विषय टाकलास तर कुणी कुठे काय बोललंय ते सापडतं, पण प्रश्न कुठे अर्धा राहिला ते कानांनीच कळतं. त्यामुळे दिवसाला चाळीस मेल होणार नाहीत, चार होतील. होऊ देत.

वडिलांकडे येते. रागावू नकोस, पण या कामातला तुझा सगळ्यात उपयोगी माणूस तुझ्याच घरी पेपर वाचत बसला आहे. मेल पाठवण्याआधी फाउंडरची परवानगी घेऊन त्याला आणि बाबांना अर्धा तास व्हिडिओ कॉलवर बसव. जन्मभर नॉमिनेशनचे फॉर्म आणि लॉकरची रजिस्टरं पाहिलेला माणूस काय विचारेल? पैसे कुणाच्या ताब्यात असतात? कंपनी बुडाली तर ग्राहकाचं काय? तक्रार कुणाकडे करायची? नॉमिनी कुठे लिहायचा? फाउंडर इथे अडखळला तर तो लॉरा शिनसमोर टिकणार नाही. आणि बाबांना पटेल असं साधं उत्तर त्याने दिलं तर तेच तुझ्या मेलची पहिली ओळ.

बंदीचं म्हणशील तर बाबांची माहिती थोडी मागे राहिली आहे. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ला परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोचे व्यवहार करणाऱ्यांना सेवा द्यायला मनाई केली होती. ते बाबांच्या टेबलावरूनही गेलं असेल. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२०ला ते रद्द केलं. पुढे १ एप्रिल २०२२पासून नफ्यावर ३० टक्के कर आला, त्याच वर्षी १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस, आणि मार्च २०२३मध्ये क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आली. म्हणजे बंदी नाही. पण कर लावला म्हणजे मान्यता दिली असंही नाही, हे अर्थमंत्र्यांनी तेव्हाच संसदेत स्पष्ट केलं होतं. शिवाय बाबांच्या पोटात जी भीती आहे ती खोटी नाही. जुलै २०२४मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलर्सची चोरी झाली, आणि त्यात आपल्यासारख्याच घरांतले पैसे अडकले. तेव्हा त्यांना 'तुम्हाला काही कळत नाही' म्हणू नकोस. तारखा दाखव, आणि त्यांचं जे बरोबर आहे ते बरोबर म्हण.

आता ते दीड हजार डॉलर्स.

पैसे देऊन मुलाखत घडवून आणणं हा गुन्हा नाही. वर्तमानपत्रातही जाहिरातीचं पान असतं, वर 'जाहिरात' लिहिलेलं असतं, वाचणारा त्या हिशेबाने वाचतो. इथे अडतंय ते 'उल्लेख कुठे होणार नाही' या शब्दांपाशी. होस्ट तुला वेळ विकत नाहीये, आपल्या श्रोत्यांची गैरसमजूत विकतोय. हा तुझ्या एकटीचा प्रश्न नाही म्हणा. आपल्या इथल्या यूट्यूब चॅनेलांवर डॉक्टर, बिल्डर, कोचिंगवाले 'खास मुलाखत' देत असतात, आणि होस्ट इतक्या प्रेमाने मान डोलावत असतो की पाकीट कुणी दिलं ते न सांगता कळतं. ती कामं करणारी मुलंमुली हे वाचत असतील तर पुढचं त्यांनाही लागू आहे.

कायद्याच्या अंगाने बघ. अमेरिकेत १९३३च्या सिक्युरिटीज कायद्यानुसार मोबदला घेऊन सिक्युरिटीची, म्हणजे शेअरसारख्या गुंतवणुकीची, भलामण करणाऱ्याने तो मोबदला, रकमेसह, उघड करायचा असतो. किम कार्दशियनने इथेरियममॅक्स नावाच्या टोकनबद्दल पोस्ट टाकली, त्याचे अडीच लाख डॉलर्स मिळाल्याचं सांगितलं नाही, आणि ऑक्टोबर २०२२मध्ये तिथल्या नियामकाशी तडजोड करून १२ लाख ६० हजार डॉलर्स भरले. ब्रिटनमध्ये ८ ऑक्टोबर २०२३पासून क्रिप्टोच्या जाहिरातींना वित्तीय प्रचाराचे नियम लागतात, आणि कंपनी बाहेरची असली तरी सुटका नाही. भारतात जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे एएससीआयची, मार्गदर्शक तत्त्वं १ एप्रिल २०२२पासून आहेत. क्रिप्टोच्या जाहिरातीत ही उत्पादनं अनियंत्रित आणि अतिशय जोखमीची असल्याचा इशारा द्यावा लागतो, आणि ऐकण्याच्या माध्यमात तो घाईघाईने पुटपुटून नाही, नेहमीच्या वेगाने बोलून. पॉडकास्ट इंटरनेटवर असतो, कुठल्या देशात ऐकला जाईल ते तू ठरवू शकत नाहीस. आणि पैसे पाठवल्याचा मेल तुझ्या नावावर असेल, बॉसच्या नाही. बॉसने तुला तोंडी सांगितलंय की लेखी? पत्रात ते नाही, पण मला अंदाज आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी हा सौदा मला महाग वाटतो. तो शो 'बऱ्यापैकी चालतो' हे तुला कुणी सांगितलं? त्याच्या मागच्या दहा पाहुण्यांची यादी काढ. सगळ्यांचंच टोकन त्याच सुमारास बाजारात आलं होतं का? एकालाही अडचणीचा प्रश्न विचारला गेला का? यूट्यूबवर व्ह्यू हजारोंनी आणि खाली कमेंट मात्र रॉकेटच्या चित्रांच्या, असं आहे का? ऑडिओचे पूर्ण आकडे बाहेरच्यांना दिसत नाहीत, तेव्हा त्याच्या होस्टिंग डॅशबोर्डचा गेल्या तीस दिवसांचा स्क्रीनशॉट माग. खऱ्या शोवाल्याला तो दाखवायला लाज वाटत नाही.

कडक होस्टची भीती वाटते म्हणून असे मऊ शो निवडले जातात, हेही बोलू. एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजचा संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड एप्रिल २०२२मध्ये ऑड लॉट्सवर आला होता. यील्ड फार्मिंग, म्हणजे क्रिप्टो गुंतवून ठेवून परतावा कमावण्याचा प्रकार, समजावून सांगताना त्याने एका पेटीची गोष्ट सांगितली, ज्या पेटीत काहीच नाही पण लोक तिच्यात पैसे टाकत राहतात. समोरच्यांनी साधे, सरळ प्रश्न विचारले आणि त्याची स्वतःचीच उत्तरं लोक नंतर आठवत राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात एफटीएक्स दिवाळखोरीत गेली, आणि मार्च २०२४मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. त्या एपिसोडचं बुकिंग ज्याने कुणी केलं असेल त्याचं टार्गेट त्या महिन्यात नक्की पूर्ण झालं असणार! तुझ्या फाउंडरला असे साधे प्रश्न झेपत नसतील तर त्याला महिन्याला चार शोवर पाठवणं ही त्याची सेवा नव्हे.

म्हणून माझं मत: टोकन यायच्या तोंडावर त्या टोकनवाल्या फाउंडरचा एकही एपिसोड करू नकोस, फुकटचासुद्धा नाही. त्या काळात तो काहीही बोलला तरी ती विक्रीच होते. टोकन येऊन जाऊ दे, धूळ बसू दे, मग उत्पादनाबद्दल बोलू दे. तोवर दुसऱ्या दोघांवर मेहनत घे.

बोनस टोकनमध्ये घेऊ नकोस. एपिसोड लागल्यावर भाव चढला तर फायदा तुझा, म्हणजे कुठल्या शोवर कोणाला पाठवायचं हे ठरवताना तुझाच हात बरबटलेला. व्यवहाराचं म्हणशील तर ज्या दिवशी टोकन हातात पडतं त्या दिवसाच्या किमतीवर ते तुझं उत्पन्न धरलं जातं. पुढे ते गडगडलं तर तो तोटा तुला दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. न दिसलेल्या पैशांवर कर भरणं म्हणजे काय ते तेव्हा कळेल. मानधन यूएसडीटीमध्ये, म्हणजे डॉलरशी भाव बांधलेल्या क्रिप्टोत (स्टेबलकॉइनमध्ये), देऊ केलं तर त्यालाही नाही म्हण. निर्यात केलेल्या सेवेला जीएसटीत जी सवलत आहे तिची एक अट म्हणजे मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात (किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तिथे रुपयांत) यायला हवा, आणि स्टेबलकॉइन हे परकीय चलन नाही. बँकेत डॉलर येऊ देत, रेमिटन्सचा कागद जपून ठेव, वर्षाची उलाढाल २० लाखांकडे सरकायला लागली की सीए गाठ.

बॉसशी मात्र बोलावं लागेल. 'मला हे पटत नाही' अशी सुरुवात करू नकोस, त्याला ते तुझं वैयक्तिक वाटेल. टार्गेटपासून सुरू कर. रेकॉर्डिंग झाल्यावर एपिसोड लागायला अनेकदा काही आठवडे जातात, तारीख होस्टच्या हातात असते, मग महिन्याला चार एपिसोड हे आश्वासन त्याने क्लायंटला दिलंच कशाच्या जोरावर? त्याऐवजी त्याला दुसरी मोजणी सुचव: किती शो नीट ऐकून तपासले, किती होस्टनी परत लिहिलं, किती रेकॉर्डिंग ठरली. तीन महिने हे करून बघू म्हण. पैशांबद्दल एकच वाक्य, तेही लेखी: प्रायोजित असल्याचं जाहीर होणार नसेल तर ते पेमेंट माझ्या हातून होणार नाही. तो कबूल झाला तर काम चांगलं आहे, कर. तुझ्या अपरोक्ष दुसऱ्याकडून पैसे पाठवले आणि बुकिंग तुझ्या नावावर लावलं, तर त्या दिवशी काम सोड. शो ऐकून, पाहुणा पारखून, नेमका मेल लिहायची ही कला तुला कुठेही उपयोगी पडेल. औषधनिर्माण, शेती, सॉफ्टवेअर, सगळ्याच क्षेत्रांत पॉडकास्ट आहेत आणि सगळ्यांना बोलता येणारी माणसं हवी आहेत.

एक बारीकशी गोष्ट, कारण यात नव्या लोकांची हमखास फजिती होते. न्यूयॉर्कचे सकाळचे अकरा म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ. अमेरिका घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलते, युरोप मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आपण आणि दुबई कधीच नाही. त्यामुळे मार्चातल्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत आणि ऑक्टोबरअखेरच्या एका आठवड्यात लंडनचा होस्ट, न्यूयॉर्कचा फाउंडर आणि इंदूरची तू, तिघांचे तास तीन दिशांना जातात. निमंत्रणात प्रत्येकाची वेळ त्याच्या गावानुसार लिहीत जा.

होस्टला उत्तर द्यायचं राहिलंय, आणि तो थांबणार नाही. बॉसशी बोलणं झालं की त्याला एवढं पाठव: 'तुमच्या प्रस्तावाबद्दल आभार. पैसे देऊन भाग करायचा झाला तर तो प्रायोजित आहे हे सुरुवातीलाच बोलून सांगावं आणि वर्णनात लिहावं, अशी आमची अट आहे. प्रश्न तुम्हीच ठरवा, आम्ही आधी मागणार नाही. टोकनच्या किमतीबद्दल आमचे पाहुणे बोलणार नाहीत, आणि रेकॉर्डिंग टोकन बाजारात आल्यानंतरच होईल. हे मान्य असेल तर गेल्या तीस दिवसांचे डाउनलोड्स कळवा.' उत्तर आलं तर मला कळव. नाही आलं तर दुपारी त्या सीड फ्रेजवाल्याचा मेल लिहायला बस.